वेबपेजवर फोटो दिसत नाही? या चुका टाळा

पेज उघडलं, मजकूर नीट आला, पण वेरूळच्या कैलास लेण्याच्या जागी फाटक्या चित्राची खूण. अशा वेळी अख्खा इमेज टॅग (फोटो दाखवणारी एचटीएमएल कोडची ओळ) पुसून पुन्हा लिहायची घाई नको. घोळ बहुतेकदा एसआरसीमधल्या (src, टॅगमध्ये फोटोची फाइल कुठे आहे ते लिहायची जागा) पत्त्यात असतो.

सगळ्यात फसवी चूक कॅपिटल-स्मॉलची. बरेच कॅमेरे फाइलच्या नावामागे जेपीजी ही अक्षरं कॅपिटलमध्ये लावतात, कोडमध्ये आपण ती स्मॉल लिहितो. विंडोजला दोन्ही सारखीच. वेबसाइट ठेवलेल्या लिनक्स सर्व्हरच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. म्हणून फोटो आपल्या कॉम्प्युटरवर दिसतो आणि अपलोड केला की गायब. फाइलचं नाव स्मॉल इंग्रजी अक्षरांत ठेवा, दोन शब्दांमध्ये स्पेसऐवजी आडवी रेघ (हायफन) द्या. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फोटोंच्या नावात तर स्पेसच स्पेस असतात, ते आधी बदला. विंडोज एक्स्टेंशन (नावामागची जेपीजीसारखी अक्षरं) लपवतं, त्यामुळे नाव बदलताना जेपीजी दोनदा लागलेलं कळतही नाही.

पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर फोटो फक्त तुम्हालाच दिसणार. पेज 'लेणी' फोल्डरमध्ये आणि फोटो शेजारच्या 'चित्रे' फोल्डरमध्ये असेल, तर आधी दोन टिंबं आणि स्लॅश (म्हणजे एक पायरी वर), मग फोल्डरचं नाव, स्लॅश, फाइलचं नाव. स्लॅश उजवीकडे झुकलेला हवा. विंडोजचा उलटा नको.

तरी जमेना? एफ12 दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पेज रिफ्रेश करा. फोटोपुढे 404 आलं तर नाव किंवा जागा चुकली. 403 म्हणजे फाइल आहे, पण सर्व्हर ती द्यायला तयार नाही, परवानग्या पाहा. 200 (म्हणजे फाइल पोचली) येऊनही चित्र नसेल तर फाइलमध्येच गडबड. आयफोनच्या एचईआयसी फोटोचं नुसतं नाव बदलून तो जेपीजी होत नाही, रीतसर कन्व्हर्ट करावा लागतो.

फोटो दिसतो, पण पेज रखडतं? 4000 × 3000 पिक्सेलच्या फोटोला विड्थ 800 लिहिली तरी मोबाइलवर अख्खी फाइलच उतरते. अपलोडपूर्वीच 1200 × 900 करा, जेपीजी क्वालिटी 75-80 पुरते. टॅगमध्ये विड्थ आणि हाइट दोन्ही लिहा, नुसते आकडे, पुढे 'पीएक्स' नको. त्याने जागा आधीच राखली जाते आणि वाचताना मजकूर खाली उडी मारत नाही. सीएसएसमध्ये (पेजचं रूप ठरवणारा कोड) मॅक्स-विड्थ 100% देताना हाइट ऑटो विसरलात, तर मोबाइलवर कैलासाचं शिखर उभं ताणलेलं दिसेल.

ऑल्टमध्ये (टॅगमध्ये चित्राचं वर्णन लिहायची जागा) 'फोटो' लिहून काय उपयोग? 'वेरूळ, लेणे क्र. 16 : कैलास मंदिराच्या अंगणातला दगडी हत्ती आणि ध्वजस्तंभ' असं लिहा. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर हेच ऐकवतो. निव्वळ सजावटीच्या चित्राला ऑल्ट रिकामा ठेवा, पण काढून टाकू नका.

आणि सगळं दुरुस्त करूनही जुनाच फोटो येत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट, आर एकदम दाबा. ब्राउझर आपल्याकडे साठवलेली प्रत दाखवत असतो.