डेस्कटॉपविना लिनक्स: फ्रेमबफरवर कन्सोल आणि गेम

मी दिवसभर कन्सोलवरच, म्हणजे लिनक्सच्या नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवरच काम करतो आणि गेमही तिथेच खेळतो. डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणारं एक्स नाही, वेलँड नाही. चित्र थेट फ्रेमबफरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचे पिक्सेल जिथे साठतात त्या मेमरीत जातं. लागणारं बहुतेक सगळं कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असतं. फक्त स्क्रीन कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, हे सगळ्यात आधी बघायचं. ते न बघता जुन्या टिपा वापरत बसलात तर नुसता वेळ जातो. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप रोमनमध्येच करायची.)

कॅट कमांडने /प्रॉक/एफबी ही फाइल वाचा. ओळीत 'वेसा' किंवा 'ईएफआय' (दोन्ही फर्मवेअरने दिलेली साधी स्क्रीन वापरणारे ड्रायव्हर) दिसलं, तर रिझोल्यूशन बूट होतानाच ठरलेलं आहे, नंतर बदलता येत नाही. नावाच्या शेवटी 'डीआरएमएफबी' असेल (आणि सुरुवात 'सिंपलडीआरएम' अशी नसेल), तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर चालू आहे आणि /डेव्ह/एफबी० हा त्याने जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ठेवलेला दरवाजा आहे. आजच्या बहुतेक मशीनवर हेच दिसेल.

आता रिझोल्यूशन. सगळीकडे सांगितला जाणारा 'व्हीजीए=७९१' हा पर्याय, म्हणजे १०२४ × ७६८ आणि १६ बिट रंग, वेसाच्या जमान्यातला. डीआरएम (कर्नलची आजची ग्राफिक्स व्यवस्था, वर 'डीआरएमएफबी' दिसलं ती) असेल तर तो विसरा आणि बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत 'व्हिडिओ=१२८०एक्स७२०@६०' द्या. एकाहून जास्त मॉनिटर असतील तर आकड्यांच्या आधी कनेक्टरचं नाव आणि अपूर्णविराम टाका. ही नावं /सिस/क्लास/डीआरएम मध्ये सापडतात, उदाहरणार्थ एचडीएमआय-ए-१. 'नोमोडसेट' आधी कोणी टाकून ठेवलं असेल तर काढा, नाहीतर खरा ड्रायव्हर चालूच होणार नाही. ईएफआयवर अडकला असाल तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा बूट प्रोग्राम) जीएफएक्समोडला हवं ते रिझोल्यूशन द्या आणि जीएफएक्सपेलोड 'कीप' ठेवा.

ग्रबच्या सेटिंगच्या फाइलला लगेच हात लावू नका. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीत बदल करा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. चित्र नीट आलं तरच तो बदल /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा. नाही आलं तर रीस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत.

अक्षरं बारीक वाटली तर सेटफॉन्टने टर्मिनसचा १६ × ३२ फॉन्ट लावा. डोळ्यांना खरंच फरक पडतो.

परवानगीसाठी स्वतःला 'व्हिडिओ' आणि 'इनपुट' या गटांत घाला आणि पुन्हा लॉगिन करा. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन गेम चालवायची गरज नाही.

फ्रेमबफर म्हणजे सरळ मेमरी, आणि मला त्याचं हेच आवडतं. १९२० × १०८० वर, ३२ बिट रंगात, एक फ्रेम ८२,९४,४०० बाइटची. स्वतः पिक्सेल लिहिणार असाल तर एफबीसेट -आय या कमांडमधला 'लाइनलेंथ' आकडा, म्हणजे एका ओळीला मेमरीत लागणारे बाइट, जरूर बघा. १३६६ रुंदीच्या पॅनेलवर ओळ हिशेबाने ५४६४ बाइटची हवी, पण ड्रायव्हर ती ६४ च्या पटीत नेतो तेव्हा ५५०४ होते. हे ४० बाइट धरले नाहीत तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा दहा पिक्सेल सरकते आणि अख्खं चित्र तिरकं दिसतं. तिरकं चित्र दिसलं की पहिला संशय इथेच घ्या.

गेमसाठी हाच हिशेब कामाला येतो. फ्रेमबफरवर प्रत्येक पिक्सेल सीपीयू ढकलतो. डूम हा जुना गेम सेकंदाला ३५ फ्रेम काढतो, म्हणजे फुल एचडीवर सेकंदाला सुमारे २९ कोटी बाइट. १२८० × ७२० वर हेच काम १३ कोटींच्या आत येतं. म्हणून जुन्या मशीनवर आधी रिझोल्यूशन उतरवा, बाकीचे उपाय नंतर.

एसडीएल ही अनेक गेम वापरतात ती लायब्ररी. तिच्या १.२ आवृत्तीवरचे जुने गेम, कमांडच्या आधी 'एसडीएल_व्हिडिओड्रायव्हर=एफबीकॉन' लिहिलं की फ्रेमबफरवर चालतात. माउस शोधताना अडकले तर 'एसडीएल_नोमाउस=१' जोडा. एसडीएल २ मध्ये एफबीकॉन नाही, तिथे त्याच जागी 'केएमएसडीआरएम' लिहा, म्हणजे गेम थेट डीआरएम वापरतो. निवड करता येत असेल तर मी दरवेळी केएमएसडीआरएमच घेईन: त्यात जीपीयू कामाला येतो आणि हलतं चित्र मधूनच फाटत नाही. व्हिडिओसाठी एमपीव्ही या प्लेअरला व्हीओ=डीआरएम द्या.

एक तयारी मात्र खेळायला बसण्याआधीच करा. गेम मध्येच बंद पडला तर कीबोर्ड रॉ मोडमध्येच (कळा थेट गेमकडे जातात, कन्सोलकडे नाही) राहू शकतो, मग दुसऱ्या कन्सोलवर नेणारं कंट्रोल-ऑल्ट-एफ२ सुद्धा चालत नाही. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) कर्नल.सिसआरक्यू ४ करून ठेवा, कीबोर्ड सोडवण्यापुरती परवानगी मिळते (तिथे आधीच १ असेल तर तसंच राहू द्या, त्यात सगळ्याच परवानग्या येतात). अडकलात की ऑल्ट-सिसआरक्यू-आर दाबा (सिसआरक्यू म्हणजे बहुतेक कीबोर्डवरची प्रिंट स्क्रीनची कळ), कीबोर्ड परत येतो. मग दुसऱ्या कन्सोलवर जाऊन गेमची प्रोसेस किल करा.