11 केव्हीच्या तारेजवळच्या बोअरमधून मोटर काढताना

बोअरमधला लोखंडी पाइप 20 फुटांचा, म्हणजे 6.1 मीटर. रस्ता सोडून शेतातून जाणारी 11 केव्हीची (11,000 व्होल्टची) उघडी तार नियमाने जमिनीपासून किमान 4.6 मीटर उंच असावी लागते. खांब कलले, तार झोळली की तेवढीही राहत नाही. तारेखाली पाइप उभा केला तर तो लागणारच.

आधी सर्वांत जवळच्या तारेच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा आणि तिथून बोअरपर्यंत टेप लावा. तारेची उंची काठी किंवा टेप वर नेऊन मोजू नका. तिपाईला टांगलेल्या पाइपाचे टोक सातेक मीटरवर जाते, साखळी निसटली तर तो कुठेही कलंडतो, त्यात वाऱ्याने तार झुलते. अंतर 10 मीटरपेक्षा कमी असेल तर लाइन बंद होईपर्यंत तिपाई उभीच करू नका.

घोळ होतो तो 'बंद' या शब्दात. डीपीतले (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले) किटकॅट फ्यूज काढले की मोटर थांबते, पण डीपीपर्यंत आलेली 11 केव्ही लाइन जिवंतच असते. थ्री फेजची पाळी संपली म्हणूनही भरवसा नको: तारेत सिंगल फेज असू शकतो, किंवा सप्लाय मध्येच परत येतो. महावितरणच्या शाखा कार्यालयात आधीच अर्ज द्या. लाइनमनने उपकेंद्रातून परमिट (लाइन बंद ठेवण्याची लेखी परवानगी) घ्यायचे, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडणारा स्विच) उघडून कुलूप लावायचे, लाइन तपासायची आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारांवर अर्थिंग रॉड (तारा जमिनीशी जोडणारे दांडे) टाकायचे. रॉड डोळ्यांनी दिसेपर्यंत पाइपाला हात नाही. फोनवरचे 'बंद केलंय, करा सुरू' धरायचे नाही. तिपाई उतरवून झाल्यावरच रॉड काढू द्या.

पाइप बदलणारच असाल तर 3 मीटरचे यूपीव्हीसी कॉलम पाइप घ्या; उंची निम्मी होते. तरी ओला पाइप आणि केबल वीज वाहतातच.

पाइप तारेला चिकटलाच तर धरलेल्या माणसाला ओढायला जाऊ नका. रबरी चप्पल, सुका बांबू 11,000 व्होल्टला पुरत नाहीत आणि भोवतालच्या जमिनीतही वीज पसरलेली असते. 10 मीटर लांब राहून 1912 वर कळवा. लाइन ट्रिप झाली तरी ती पुन्हा चार्ज होऊ शकते. ट्रॅक्टर किंवा क्रेन तारेला लागली असेल तर चालकाने सीटवरच थांबावे. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता घासत दूर जावे. लाइन बंद झाल्याची खात्री पटल्यावर, श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंटीमीटर खोल दाब द्या. 108 ची गाडी येईपर्यंत दाब देणे थांबवू नका. माणूस उठून बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच: बाहेरचा डाग रुपयाएवढा असला तरी आतले स्नायू जळालेले असू शकतात, आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.