माळ्यावरचा ठोकळ्यांचा डबा खाली काढलाय? मग आधी हे वाचा

लहानपणी तासन्‌तास ठोकळ्यांत रमलेली माणसं मोठेपणी परत त्याच डब्यापाशी येतात, आणि अशी माणसं इतकी आहेत की त्यांच्यासाठी शब्दसुद्धा आहेत. लेगोच्या मोठ्या वयाच्या चाहत्यांना एएफओएल म्हणतात आणि मधली जी वर्षं डब्याला हातच लागला नाही त्यांना म्हणतात डार्क एजेस. माझी ती सतरा वर्षं होती. परत आल्यावर मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिली गोष्ट, लगेच नवीन सेट घेऊ नका. मला माहितीये की परत यायचं मनात आलं की आधी डोळ्यासमोर तो मोठ्ठा सेट येतो, २०१७ मध्ये आलेला मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्समधलं यान, तर ७५४१ तुकड्यांचा आहे, बघूनच हात शिवशिवतात. पण होतं काय, मॅन्युअल उघडायचं, दाखवलंय तसं लावत जायचं, चार-पाच रात्री मस्त जातात, सेट शेल्फवर जातो आणि मग एकदम रिकामं वाटायला लागतं कारण आपण लावलं खरं पण आपल्या हाताला त्यातलं फारसं काही आलं नाही. सेट वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, मीही घेते. पण आधी जुना डबा, आधी हात बसू दे, मग सेट लावताना डिझायनरने कुठे काय शक्कल लढवलीये ते दिसायला लागतं आणि तोच सेट दुप्पट आनंद देतो.

आणि जुना डबा चालेल का ही शंका असेल तर ती काढून टाका. आज आपण ओळखतो ती वीट, म्हणजे वर गोल उंचवटे आणि खाली पोकळ नळ्या, तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा आहे आणि तेव्हापासूनची वीट आजच्या विटेत बसते. फक्त अगदी जुना, घरातल्या थोरल्यांचा डबा हाती आला असेल तर एक बघा, १९६३ पासून एबीएस प्लास्टिक आलं, त्याआधीचे तुकडे सेल्युलोज अॅसिटेटचे, ते कालांतराने वाकडे होतात, पकड सुटते. ते आठवण म्हणून वेगळे ठेवा, बांधकामात नको.

आता धुणं. हे काम कंटाळवाणं वाटतं पण मला यातच डबा परत ओळखीचा झाला. आधी स्टिकर लावलेले, मोटर, दिवे, बॅटरीचे डबे असलं सगळं बाजूला काढा, त्यांना पाणी नको, ओलसर फडक्याने पुसा. बाकीचं कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर अजिबात नको, गरम पाण्याने तुकडे वाकतात. थोडं सौम्य साबणाचं पाणी, अर्धा तास भिजू द्या, मग हाताने ढवळा आणि ज्यांच्या खाचांत काळं बसलंय त्यांना मऊ टूथब्रश. बारीक तुकडे चाळणीत घेऊनच धुवा, १ बाय १ ची, म्हणजे एकाच उंचवट्याची, चपटी प्लेट मोरीच्या जाळीतून गेली की गेली. वाळवायला टॉवेलवर पसरा, पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही आणि हेअर ड्रायरने तर नाहीच. नळ्यांच्या आत पाणी अडून बसतं, म्हणून वरून कोरडं दिसलं तरी एक पूर्ण दिवस जाऊ द्या, मध्ये एकदा सगळं खालीवर करा. पांढरे आणि निळसर तुकडे पिवळट दिसले तर तो मळ नाही, प्रकाशाने प्लास्टिकचा रंग बदललेला असतो, घासून जात नाही, उगाच घासत बसू नका, भिंतीच्या आतल्या बाजूला छान खपतात.

तपकिरी आणि गडद लाल तुकडे मात्र जपून, साधारण वीस वर्षांपूर्वीपासूनच्या काही वर्षांतले हे रंग पुढे ठिसूळ होतात, चिमट्यासारखी टोकं असतील तर काढताना पटकन तुटतात.

करड्या रंगाचंही सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल आपलेच डोळे फसवतायत. २००४ च्या सुमारास करड्याच्या दोन्ही छटा बदलल्या, जुना करडा जरा उबदार, मातकट, आणि नवा निळसर. एका भिंतीत मिसळले की ठिगळ लावल्यासारखं दिसतं, मुद्दाम जुनाट दगडी भिंत करायची असेल तर तेच फार सुंदर दिसतं.

आता वर्गवारी, आणि इथे माझं ठाम मत आहे. रंगाप्रमाणे लावू नका. सगळ्यांना आधी रंगच सुचतो, मीही आठवडाभर बसून लाल, पिवळा, काळा असे डबे केले होते, दिसायला देखणे, आणि मग काळ्या डब्यात एक काळा छोटा क्लिप शोधायला बसले तर वीस मिनिटं गेली. कारण सोपं आहे, एकाच आकाराच्या ढिगात वेगळा रंग डोळ्याला लगेच सापडतो पण एकाच रंगाच्या ढिगात वेगळा आकार सापडत नाही. म्हणून आकाराप्रमाणे. सुरुवातीला सात-आठ ढीग पुरतात, उंच विटा, चपट्या प्लेटा, वर गुळगुळीत असलेल्या टाइल, उतारवाले स्लोप, चाकं आणि भोकंवाले टेक्निकचे, खिडक्या-दारं, माणसं आणि त्यांचं सामान, आणि 'हे काय आहे देव जाणे' असा एक. हा शेवटचा ढीग लाज न बाळगता ठेवा. पुढे एखाद्या डब्यात हवा तो तुकडा नुसत्या नजरेने सापडेनासा झाला की तोच डबा फोडून दोन करा, बाकीचे आहेत तसे राहू द्या. पहिल्याच महिन्यात साठ खणांचं कपाट आणलं की माणूस खण भरत बसतो, बांधायचं राहूनच जातं.

एकमेकांत अडकलेले तुकडे दातांनी काढायचे दिवस गेले, दातांच्या खुणा पडलेले तुकडे माझ्याकडे अजून आहेत. ब्रिक सेपरेटर नावाचा छोटा पट्टीसारखा तुकडा मिळतो, बऱ्याच मोठ्या सेटमध्ये असतोच. दोन सारख्या प्लेटा घट्ट बसल्या असतील तर एक सेपरेटर वर, एक खाली लावा आणि दोन्ही दांड्या एकमेकांकडे दाबा, टक्कन सुटतात. सेपरेटर नसेल तर वरच्या प्लेटवर एक लांब वीट बसवा, खालच्या प्लेटच्या बुडाला दुसरी, की धरायला जागा मिळते.

डबा तयार झाला की पहिल्याच दिवशी जहाज नको. आधी माप हातात बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका उंचवट्याच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मिलीमीटर. विटेची उंची, उंचवटा सोडून, ९.६ मिलीमीटर. प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेटा म्हणजे एक वीट, हे लहानपणीच कळलेलं असतं. पण लहानपणी कळत नाही ते हे, पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या तर १६ मिलीमीटर होतात आणि दोन उंचवट्यांची रुंदीही १६ च. हे वाचून सोडून देऊ नका, खरंच पाच प्लेटांची चळत करा, आडवी पाडा आणि २ बाय २ च्या विटेशेजारी धरा, बोट फिरवून बघा. आडवं आणि उभं जुळतं! मला हे कळलं त्या संध्याकाळी मी ती चळत हातात घेऊन नुसती बसून होते, कारण याचा अर्थ बांधकाम फक्त खालून वर जात नाही, कुशीलाही जाऊ शकतं. यालाच एसएनओटी म्हणतात, 'स्टड्स नॉट ऑन टॉप', 'स्नॉट' म्हणून टाकतात सगळे, म्हणजे उंचवटे वर नसलेलं बांधकाम.

त्यासाठी लागतात बाजूला उंचवटा असलेल्या विटा. १ बाय १ ची अशी वीट ८७०८७ नंबरची. नंबर लक्षात ठेवायची सवय लावा, बहुतेक तुकड्यांच्या आतल्या बाजूला तो बारीक कोरलेला असतो, २ बाय ४ ची वीट ३००१, १ बाय २ ची प्लेट ३०२३. खरेदीत आणि शोधाशोधीत नावापेक्षा नंबर कामाला येतो.

आता दहा तुकड्यांची एक खुर्ची करू. २ बाय ३ ची प्लेट घ्या, ही बैठक. खाली चार कोपऱ्यांना चार गोल १ बाय १ च्या विटा, हे पाय. पाठीला साध्या विटा लावल्या तर ती पाठ दिसत नाही, भिंत दिसते, जाडच होते. म्हणून मागच्या ओळीवर दोन ८७०८७ शेजारीशेजारी ठेवा, बाजूचे उंचवटे पुढे बघतील असे, आणि त्यांच्यावर २ बाय २ ची टाइल उभी बसवा, दोन्ही उंचवटे टाइलच्या खालच्या ओळीत. वाटतं झालं, आता बैठकीवर दुसरी २ बाय २ ची टाइल ठेवू. ठेवून बघा, बसणार नाही. पाठीची टाइल बैठकीपासून जेमतेम अर्धी प्लेट वर असते आणि बैठकीची टाइल एक पूर्ण प्लेट जाड, दोघी एकमेकींना अडतात. इथे जोर लावायचा नाही. पाठ काढा, त्या दोन विटांखाली एक १ बाय २ ची प्लेट सरकवा आणि परत लावा, आता पाठ तेवढी वर उचलली गेली, बैठकीची टाइल अलगद खाली जाते आणि मध्ये अर्ध्या प्लेटेएवढी फट राहते, जशी खऱ्या खुर्चीला असते. ही खुर्ची पहिल्यांदा जमते तेव्हा जो आनंद होतो तो मला अजून कुठल्या मोठ्या सेटने दिलेला नाही.

जोर न लावण्याचा नियम सगळीकडे पाळा. तुकडा बसताना वाकत असेल, किंवा तिरका ताणून बसवला असेल, तर त्याला मंडळी 'इल्लीगल' जोडणी म्हणतात, कोणी पकडायला येत नाही पण प्लास्टिकवर कायमचा ताण राहतो आणि एक दिवस चीर जाते.

खुर्चीनंतर टेबल, मग एक दार आणि त्याच्या आजूबाजूची भिंत, मग एक खोली. माणूस, म्हणजे मिनीफिगर, १९७८ पासून तोच आहे, साधारण चार विटांइतका उंच, तो जवळ उभा करूनच बांधा म्हणजे खिडकी त्याच्या डोक्यावर जात नाही. आपल्या मनाने केलेल्या अशा कामाला एमओसी, म्हणजे 'माय ओन क्रिएशन', म्हणतात. काय बांधू सुचत नसेल तर रीब्रिकेबल नावाच्या वेबसाइटवर आपल्याकडच्या सेटचे नंबर टाका, त्याच तुकड्यांत अजून काय होतं ते दाखवतं. एखादा तुकडा कमी पडला की ब्रिकलिंकवर सुटा मिळतो, ही ऑनलाइन बाजारपेठ २००० साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये लेगोनेच घेतली. तिथलंच स्टुडिओ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी स्क्रीनवर बांधून बघता येतं आणि किती तुकडे लागतील तेही कळतं. पण माझं मत विचाराल तर पहिले काही महिने हातानेच करा, स्क्रीनवर पकड कळत नाही, कुठला सांधा हलतोय ते बोटालाच कळतं.

सुटे तुकडे कोणाकडून ढिगाने घेणार असाल तर एकच तपासा, प्रत्येक उंचवट्यावर लेगोचं नाव आहे का. दुसऱ्या कंपन्यांचे तुकडेही बसतात आणि त्यांनी बांधायला काहीच हरकत नाही, फक्त एकाच भिंतीत मिसळू नका, पकड कमीजास्त असली की भिंत मधूनच सैल होते.

बसायची जागा म्हणाल तर वेगळी खोली लागत नाही. मला काठ असलेला एक मोठा ट्रे आणि पांढरा लख्ख दिवा एवढंच लागतं. पिवळ्या दिव्याखाली काळा, गडद करडा आणि गडद निळा यांतला फरक कळत नाही, सकाळी उजेडात बघितलं की डोक्याला हात लागतो. एका वेळी तासभर पुरे, मान आखडते आणि बोटांची टोकं दुखतात, विशेषतः टाइल काढताना. उठताना ट्रे आहे तसाच उचलून ठेवायचा, पण त्याआधी मी पुढच्या वेळी लावायचे तीन-चार तुकडे काढून उजव्या कोपऱ्यात मांडून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसलं की शोधाशोध नाही, सरळ पहिला तुकडा उचलायचा आणि लावायचा.