ब्राझीलच्या पर्यावरण परवाना कायद्यावर लिहिताना या चुका टाळा

पहिला घोटाळा कायद्याच्या मजकुरातच होतो. प्रकल्पांना पर्यावरण परवाने कसे द्यायचे हे ठरवणारा हा कायदा संसदेनं जुलै २०२५ मध्ये मंजूर केला. ८ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष लुला यांनी सही केली, पण ६३ ठिकाणी नकाराधिकार वापरून. २७ नोव्हेंबरला संसदेनं त्यातले बहुतेक नकार उलटवले. त्यामुळे ऑगस्टमधली बातमी समोर ठेवून ‘ही तरतूद लुलांनी काढली’ असं लिहिलंत की फसलात. ती परत आलेली असण्याचीच शक्यता जास्त. नोव्हेंबरनंतरचा मजकूर उघडल्याशिवाय कलम उद्धृत करू नका. ‘विनाशाचा मसुदा’ हे विरोधकांनी ठेवलेलं नाव आहे, कायद्याचं नाव नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी चूक ‘घटनाविरोधी आहे’ म्हणून मोकळं होण्याची. १९८८ च्या राज्यघटनेतल्या कलम २२५ चं पहिलं वाक्य, संतुलित पर्यावरणाचा हक्क, सगळेच देतात. खरी धार त्याच कलमाच्या पहिल्या परिच्छेदातल्या चौथ्या मुद्द्याला आहे: ज्या कामानं पर्यावरणाची मोठी हानी होऊ शकते, त्याच्या परिणामांचा अभ्यास आधी करायचा आणि तो लोकांसमोर ठेवायचा. यातला ‘आधी’ हा शब्द धरून ठेवा. आता नव्या कायद्यातला हमीपत्रावरचा परवाना बघा. अर्जदार अटी मान्य असल्याचं स्वतःच लिहून देतो आणि परवाना हातात पडतो. पूर्वमंजुरी, उभारणी, काम सुरू करणं या नेहमीच्या तीन पायऱ्यांवर वेगवेगळी छाननी होत नाही.

पण म्हणून प्रत्येक सोपी पद्धत घटनाबाह्य ठरवू नका. किरकोळ परिणामाच्या कामांसाठी सर्वोच्च न्यायालयानं ती चालवून घेतली आहे. वाद पेटतो तो मध्यम परिणामाच्या कामांवर. २०२२ मध्ये याच न्यायालयानं मध्यम जोखमीच्या धंद्यांना आपोआप मिळणारी मंजुरी पर्यावरण परवान्यांना लागू होत नाही, असं ठरवलं होतं. हा निकाल न सांगता केलेला युक्तिवाद लंगडा पडतो.

‘धोरणात्मक’ प्रकल्पांचा विशेष परवाना वेगळ्या अध्यादेशानं लगेच लागू झाला. तो या कायद्याच्या खात्यात घालताना जपून.

आंतरराष्ट्रीय करारांबाबतची चूक माझीही झाली होती. आपल्याकडे करार देशात लागू करायला सहसा वेगळा कायदा लागतो, त्याच सवयीनं मी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींच्या हक्कांबद्दलचा करार १६९ ‘नैतिक बंधन’ म्हणून उरकला. ब्राझीलनं तो २००२ मध्ये स्वीकारला, २००४ मध्ये देशात लागू केला. शिवाय २००८ पासून सर्वोच्च न्यायालय मानवी हक्कांच्या अशा करारांना राज्यघटनेच्या खाली, पण साध्या कायद्याच्या वर बसवतं. नवा कायदा साधाच कायदा आहे. तेव्हा टक्कर झाली तर कोण हटणार, हे उघड आहे.

टक्कर नेमकी कुठे, तेही लिहा. नवा कायदा आदिवासी क्षेत्र धरतो ते मुख्यतः अंतिम अधिकृत मान्यता मिळालेलं. करार १६९ मात्र ‘परंपरेनं वहिवाटीत असलेल्या’ जमिनीबद्दल बोलतो आणि सल्लामसलत सक्तीची करतो. राज्यघटनेचं कलम २३१ सुद्धा हे हक्क मूळचेच मानतं; हद्द आखणं म्हणजे हक्क देणं नव्हे, असलेल्या हक्काची नोंद करणं. एखाद्या गावाची हद्द वर्षानुवर्षं कागदावर अडकली असेल आणि शेजारून महामार्ग जाणार असेल, तर नव्या कायद्याच्या लेखी ते गाव नाहीच. लेखाची सुरुवात या गावापासून करा, कलमांची यादी नंतर येऊ द्या.