अँड्रॉइड फोनची मांडणी आपल्या हाताला आणि डोळ्यांना सोयीची कशी करावी

फोनच्या इंटरफेसविषयी लोकांची मते फार ठाम असतात. कोणाला एखाद्या कंपनीचा फोन 'स्वच्छ' वाटतो, कोणाला तोच 'गिचमिडीचा' वाटतो, तर कोणी जाहिरातींना कंटाळून पुढच्या वेळी दुसरीच कंपनी घ्यायची असे ठरवून टाकतो. मात्र यातली बरीचशी मते फोनविषयी नसतात. डब्यातून निघताना त्याची जी मांडणी असते तिच्याविषयी ती असतात, आणि ती मांडणी कंपनीने स्वतःचा फायदा पाहून लावलेली असते. सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपरओएस, वनप्लसचा ऑक्सिजनओएस आणि ओप्पोचा कलरओएस यांच्या खाली अँड्रॉइड एकच आहे, आणि वरचा थर बराचसा बदलता येतो. म्हणून तक्रार पक्की करण्याआधी एक सुटीची दुपार मांडणीसाठी द्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

पुढील सूचना अँड्रॉइड १३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीच्या फोनसाठी आहेत. पर्यायांची नावे आणि जागा कंपनीगणिक थोड्या वेगळ्या असतात. सांगितलेल्या ठिकाणी पर्याय दिसला नाही, तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत त्याचे नाव लिहावे.

आधी काढून टाकावे

वॉलपेपर आणि आयकॉन बदलण्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण सजावट सर्वांत शेवटी करावी. आधी सेटिंग्जमधील ॲप्सची पूर्ण यादी उघडावी आणि आपण न बसवलेली ॲप्स एकेक करून पाहावीत. खेळ, खरेदीची ॲप्स, बातम्यांची ॲप्स अशी बहुतेक भर थेट अनइन्स्टॉल होते. जिथे तो पर्यायच नसतो तिथे 'बंद करा' हा पर्याय मिळतो. बंद केलेले ॲप फोनमधून जात नाही, पण ते चालत नाही, दिसत नाही आणि सूचनाही पाठवत नाही. ज्याच्या नावात 'सिस्टीम', 'सर्व्हिसेस' किंवा 'वेबव्ह्यू' असे शब्द आहेत त्याला मात्र हात लावू नये, कारण इतर ॲप्स त्याच्यावर अवलंबून असतात.

आधीपासून बसवलेल्या ॲप्सचा प्रश्न किरकोळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात फोन कंपन्यांवर ॲप्सचा पूर्ण संच बसवण्याची अट घालणे हा कळीचा मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला.

स्वस्त फोनमध्ये लॉक स्क्रीनवर दर वेळी नवे चित्र आणि त्याखाली एखादी बातमी किंवा जाहिरात येते. ही सोय सेटिंग्जच्या लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपर विभागातून बंद करता येते. फाइल मॅनेजर, गॅलरी, संगीत अशा कंपनीच्या स्वतःच्या ॲप्समध्येही 'शिफारशी' नावाचा पर्याय प्रत्येक ॲपच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे चालू ठेवलेला असू शकतो. तो शोधून बंद करणे किचकट आहे, पण 'या फोनवर जाहिराती फार' ही तक्रार बऱ्याच अंशी त्यानेच मिटते.

होम स्क्रीन

कोणती ॲप्स आपण खरोखर वापरतो याचा आपला अंदाज सहसा चुकतो. म्हणून आठवडाभर फोन नेहमीसारखा वापरावा आणि मग सेटिंग्जमधील 'डिजिटल वेलबीइंग' उघडावे. तिथे कोणत्या ॲपवर किती वेळ गेला याबरोबरच ते किती वेळा उघडले हेही दिसते. मांडणीसाठी हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. चित्रपट पाहण्याच्या ॲपवर दोन तास गेले तरी ते दिवसातून एकदाच उघडलेले असते, तर संदेशांचे ॲप मिनिटभरासाठी पण सतत उघडले जाते. वारंवार उघडली जाणारी चार-पाच ॲप्स सर्वांत खालच्या स्थिर ओळीत ठेवावीत. साडेसहा इंचांच्या पडद्यावर एका हाताचा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून वरची जागा घड्याळ, हवामान किंवा दिनदर्शिकेच्या विजेटला द्यावी. ती फक्त पाहण्याची वस्तू आहे.

याला एक अपवाद करावा. पैसे देण्याचे ॲप दिवसातून दोनदाच उघडत असले तरी ते अंगठ्याखालीच हवे, कारण ते उघडताना एका हातात पिशवी असते आणि मागे रांग असते. अँड्रॉइड १३ पासून पडद्याच्या वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या चौकटींमध्ये क्यूआर कोड स्कॅन करण्याची चौकटही ठेवता येते. तिथल्या पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारून हॉटस्पॉट, टॉर्च आणि स्कॅनर पहिल्या ओळीत आणावेत आणि कधीही न लागणाऱ्या चौकटी बाहेर काढाव्यात. काही फोनमधला हा स्कॅनर पैसे देण्याच्या ॲपकडे नेतो आणि काहींमधला फक्त कोड वाचून दाखवतो, म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच एकदा तपासून घ्यावे.

फोल्डरला कंपनीचे किंवा ॲपच्या प्रकाराचे नाव देण्यापेक्षा कामाचे नाव द्यावे. 'प्रवास' या फोल्डरमध्ये एम-इंडिकेटर, रेल्वे तिकिटाचे ॲप, नकाशा आणि टॅक्सीचे ॲप एकत्र असले की सकाळी निघताना शोधाशोध होत नाही. 'युटिलिटीज' असे नाव दिलेल्या फोल्डरमध्ये काय आहे हे महिन्याभराने कोणालाच आठवत नाही. मांडणी पूर्ण झाली की होम स्क्रीनच्या रिकाम्या जागी बोट दाबून धरावे, तिची सेटिंग्ज उघडावीत आणि नवी ॲप्स आपोआप होम स्क्रीनवर येण्याचा पर्याय बंद करावा. सॅमसंगसारख्या फोनमध्ये मांडणीला कुलूप लावण्याचा पर्यायही आहे. ज्यांच्या हातून आयकॉन नकळत सरकतात किंवा पुसले जातात अशा ज्येष्ठांच्या फोनवर तो अवश्य चालू करावा. आजींची 'व्हॉट्सॲपच गेलं' ही हाक बहुतेक वेळा सरकलेल्या आयकॉनमुळेच आलेली असते.

खालची तीन बटणे ठेवावीत की अँड्रॉइड १० पासून आलेले सरकवण्याचे इशारे, हा सवयीचा प्रश्न आहे. इशाऱ्यांनी पडद्यावर जागा मिळते, पण कडेवरून बोट सरकवले की मागे जाणे आणि ॲपचा बाजूचा मेनू उघडणे यांत गोंधळ होतो. वयस्कर माणसाला दिसणारे बटण अधिक विश्वासाचे वाटते, आणि ते तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. मागे जाण्याचे बटण डावीकडे हवे की उजवीकडे, हेही अनेक फोनमध्ये ठरवता येते. जुन्या फोनवर ते ज्या बाजूला होते तिथेच नव्या फोनवर आणले, तर निम्मी चिडचिड वाचते.

सूचना

फोन त्रासदायक वाटण्यामागे रंग किंवा आयकॉन क्वचितच असतात. खरा त्रास सूचनांचा असतो, आणि वेळ द्यायचा तर तो इथेच द्यावा. सगळ्या सूचना बंद करणे हा उपाय लोक रागाच्या भरात करतात आणि मग शाळेचा किंवा बँकेचा महत्त्वाचा निरोप हुकतो. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपच्या सूचना वेगवेगळ्या वर्गांत विभागता येतात, आणि तरीही ही सोय वापरणारे फार थोडे लोक मला भेटतात.

समजा, जेवण घरपोच आणणाऱ्या ॲपची 'आज ५० टक्के सूट' अशी सूचना आली. ती पुसून टाकू नये. तिच्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे ती कोणत्या वर्गातून आली ते दिसते आणि तेवढा वर्ग बंद करण्याची कळ समोर येते. 'ऑफर्स' किंवा 'प्रमोशन्स' हा वर्ग बंद करावा आणि 'ऑर्डरची स्थिती' हा चालू ठेवावा. आठ-दहा दिवस येईल त्या सूचनेला ही वागणूक दिली की सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी साफसफाई करावी लागत नाही. काही ॲप्स जाहिरात आणि कामाचा निरोप मुद्दाम एकाच वर्गातून पाठवतात. अशा ॲपच्या सूचना 'सायलंट' कराव्यात, म्हणजे त्या यादीत दिसतात पण वाजत नाहीत. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी परवानगी मागावी लागते. तिथे सवयीने 'अनुमती द्या' दाबू नये, गरज भासली तर परवानगी नंतरही देता येते.

रात्रीसाठी 'व्यत्यय आणू नका' हा पर्याय वेळ लावून ठेवावा. त्यात तारांकित संपर्कांचे फोन वाजू देण्याची आणि तीच व्यक्ती पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर घंटी वाजवण्याची सोय आहे. गावी एकटे राहणारे आईवडील असतील तर हे दोन्ही पर्याय चालू आहेत याची खात्री करावी. घाईत पुसलेली सूचना पुन्हा पाहण्यासाठी सूचनांचा इतिहासही ठेवता येतो, पण तो आधी चालू केलेला असावा लागतो.

काही ॲपच्या सूचना उलट उशिरा येतात, आणि दोष ॲपला दिला जातो. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप्स थांबवतात. ज्या ॲपचे निरोप वेळेवर हवेत त्याच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा पर्याय उघडून 'अनिर्बंध' निवडावे. हे मोजक्याच ॲप्ससाठी करावे, नाहीतर बॅटरी लवकर उतरेल.

मराठी

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ भाग ३ हे मानक आहे. त्यानुसार फोनवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत. वाचता येणे आणि नीट दिसणे यांत मात्र अंतर आहे. संपूर्ण फोन मराठीत हवा असेल तर भाषांच्या यादीत मराठी जोडून ती ओढून पहिल्या क्रमांकावर आणावी. इंग्रजी पर्यायांची सवय झालेल्यांना हा बदल जड जातो. त्यांच्यासाठी अँड्रॉइड १३ ने मधला मार्ग दिला आहे: ॲपच्या माहितीच्या पानावर भाषेचा पर्याय असेल तर फोन इंग्रजीत ठेवून तेवढेच ॲप मराठीत करता येते.

फॉन्ट बदलताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. दुकानातल्या सुंदर फॉन्टमध्ये बहुधा फक्त रोमन अक्षरे असतात. असा फॉन्ट लावला की इंग्रजी मजकूर नव्या वळणाचा होतो, मराठी मजकूर मात्र जुन्याच फॉन्टमध्ये राहतो आणि दोन्ही शेजारी विजोड दिसतात. देवनागरीचा दावा करणारा फॉन्टही तपासूनच घ्यावा. त्यासाठी 'कुऱ्हाड, तऱ्हा, बाळ, ॲप, ज्ञान, क्षण' एवढे शब्द टिपणवहीच्या ॲपमध्ये लिहून पाहावेत. 'ऱ्ह' मधला अर्धा र जोडून न येता पाय मोडून सुटा दिसला किंवा 'ॲ' च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही असे समजावे. अक्षरे बारीक वाटत असतील तर अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्याने फक्त मजकूर मोठा होतो, दुसऱ्याने आयकॉन आणि बटणेही. आधी अक्षरे वाढवावीत, आणि ऊकार किंवा वेलांटी कापली जात असेल तर एक पायरी मागे यावे.

जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीसाठी देवनागरी कळफलक आहे आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचीही सोय आहे. भाषा जोडताना हिंदी नव्हे तर मराठीच निवडली आहे ना, ते पाहावे. हिंदी निवडली असेल तर 'ळ' असलेल्या शब्दांच्या सूचना चुकीच्या येतात, आणि लोक कीबोर्डलाच नावे ठेवतात. घरचा पत्ता किंवा गावाचे नाव पुन्हा पुन्हा लिहावे लागत असेल, तर वैयक्तिक शब्दकोशात ते एका छोट्या शॉर्टकटसह साठवावे. न लागणाऱ्या भाषा काढून टाकाव्यात, म्हणजे पृथ्वीगोलाची कळ एकदाच दाबून मराठी आणि इंग्रजीत ये-जा करता येते.

रंग, थीम आणि लाँचर

अँड्रॉइड १२ पासून अनेक फोन वॉलपेपरमधले रंग उचलून बटणांना आणि पट्ट्यांना देतात, त्यामुळे वॉलपेपर शांत निवडला की बरेचसे काम होते. गडद थीममुळे ओलेड पडद्यावर बॅटरी वाचते, कारण काळे बिंदू तिथे विझलेले असतात. एलसीडी पडद्यावर तसा फायदा होत नाही.

एवढे करूनही मांडणी मनासारखी झाली नाही, तरच वेगळे लाँचर, म्हणजे होम स्क्रीन आणि ॲप्सची यादी दाखवणारे ॲप, घ्यावे. नायगारा लाँचर यादीच्या रूपात ॲप्स दाखवते, लॉनचेअर मुक्त स्रोत आहे. लाँचर किंवा थीम फक्त प्ले स्टोअरवरून किंवा निर्मात्याच्या अधिकृत पानावरून घ्यावी, चॅटवर आलेली एपीके फाइल (ॲप थेट बसवण्याची फाइल) कधीही बसवू नये. थीमच्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तर ते तिथल्या तिथे काढून टाकावे. ॲक्सेसिबिलिटीची (मुळात दिव्यांगांच्या मदतीसाठी असलेली) परवानगी काही लाँचर इशाऱ्यांनी पडदा बंद करण्यासारख्या कामांसाठी मागतात, पण ती मिळालेले ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते, म्हणून त्या सोयीवाचून चालत असेल तर ती नाकारावी.

जुन्या मांडणीकडे परतायचे असेल तर सेटिंग्जमधील डीफॉल्ट ॲप्समध्ये 'होम ॲप' उघडून कंपनीचे लाँचर निवडावे, जुनी मांडणी जशीच्या तशी परत येते. नव्या लाँचरमधले फोल्डर आणि विजेट मात्र त्याच लाँचरपुरते असतात आणि ते अनइन्स्टॉल केले की जातात. म्हणून काढण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि लाँचरमध्ये बॅकअपची सोय असेल तर ती फाइल फोनऐवजी ड्राइव्हवर ठेवावी.