सांगलीत इलेक्ट्रिक मोटार घेताना : आधी मीटर, मग शोरूम

सांगली, मिरज आणि कुपवाड एवढ्याच परिसरात ज्यांचे घर, दुकान, मुलांची शाळा आणि मार्केट यार्ड आहे, त्यांच्या रोजच्या फेऱ्यांना आज बाजारात मिळणारी कोणतीही इलेक्ट्रिक मोटार पुरून उरते. तरीही शोरूममध्ये रंग पसंत करायला जाण्याआधी आपल्या घराच्या मीटरपाशी एकदा उभे राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या गाडीचे सुख-दुःख बहुतांशी ती रात्री कुठे उभी राहते आणि तिथली वायर कशी आहे, यावर ठरते. ज्यांना स्वतःची हक्काची पार्किंगची जागा नाही, त्यांनी सोसायटीची लेखी परवानगी आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल नेण्याची सोय झाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नयेत.

गाडीबरोबर येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि साधारण ३ किलोवॉट वीज घेतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, पण गाडी हाच भार सलग आठ-दहा तास ओढत राहते, आणि जुन्या वायरिंगची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून मीटरच्या बोर्डापासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावी. एक्स्टेंशन बोर्ड मात्र एका रात्रीपुरताही वापरू नये. पहिल्या आठवड्यात चार्जिंग संपताच प्लगच्या टोकाला हात लावून पाहावा. प्लग कोमट लागला तर चालेल, पण चटका बसत असेल किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी कडा दिसू लागली असेल, तर आतला स्क्रू सैल आहे असे समजावे आणि वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. चार्जर अर्थिंग तपासूनच वीज सोडतो, त्यामुळे ते कमकुवत असेल तर लाल दिवा लागतो आणि गाडी रात्रभर तशीच उभी राहते. वायरमनला मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगावे. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. एप्रिल-मे महिन्यांत जमीन सुकली की हाच आकडा वाढू शकतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालत जावे. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर हवा असेल, तर घरातल्या सिंगल फेज जोडणीचा बहुतेक भार तो एकटाच खातो. अशा वेळी महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा आणि थ्री फेज जोडणीचा अर्ज गाडी येण्याच्या आधीच करावा. थ्री फेजचा स्थिर आकार जास्त असतो, हेही हिशेबात धरावे. माझ्या मते, ज्यांची गाडी रात्रभर घरी असते त्यांना १५ अँपिअरचा सॉकेट पुरेसा आहे.

आता बिलाचे गणित पाहू. एका युनिटमध्ये सात किलोमीटर असा सावध हिशेब धरला, तर महिन्याच्या १,००० किलोमीटरला सुमारे १४३ युनिट लागतात, आणि चार्जिंगमधली घट धरली की मीटरवर साधारण १६० युनिट पडतात. घराचा मूळ वापर १८० युनिट असेल, तर बिल ३४० वर जाते, म्हणजे १०१ ते ३०० युनिटांची पायरी ओलांडून पुढच्या महागड्या टप्प्यात शिरते. गाडीचे युनिट हे नेहमी बिलातले सर्वांत वरचे, म्हणून सर्वांत महाग युनिट असतात. शोरूममधला ‘किलोमीटरला एक रुपया’ हा हिशेब बहुधा ही गोष्ट सोडून केलेला असतो. आपले मागचे बिल काढून, त्यात १६० युनिट मिळवून, दोन बिलांमधला फरक पाहिला की खरा खर्च कळतो. पेट्रोलच्या तुलनेत तोही बराच कमी भरतो, पण आकडा आपला असावा.

ज्यांच्याकडे मोकळे छत आहे, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेचा विचार गाडीसोबतच करावा. छतावरच्या ३ किलोवॉटच्या सौर संचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे आणि असा संच उन्हाच्या महिन्यांत दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो. दिवसा गाडी बाहेर असली तरी नेट मीटरिंगमुळे दुपारची वीज ग्रीडमध्ये जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. संच मंजूर करतानाच गाडीचे युनिट वापरात मिळवून सांगावेत.

सांगलीकराला मात्र आणखी एका गोष्टीची तयारी करावी लागते, आणि ती म्हणजे कृष्णेचा पूर. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभाग, मारुती चौक किंवा नदीकाठच्या कोणत्याही पेठेत राहणाऱ्याने चार्जरचा सॉकेट २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवावा आणि ते शक्य नसेल, तर तो सर्किट मुख्य बोर्डावरून स्वतंत्रपणे बंद करता येईल असा ठेवावा. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की गाडी त्याच रात्री ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करून घ्यावी. पाणी चढू लागले की सुरक्षिततेसाठी भागाचा वीजपुरवठा बंद करतात आणि मग चार्जिंग राहून जाते. पातळी ४० फुटांकडे सरकताच गाडी उंच भागातल्या नातेवाइकांकडे हलवावी, वाट पाहू नये.

बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढाच आहे, आणि आपल्याकडचा पूर दिवसच्या दिवस उतरत नाही. गाडी बुडालीच, तर ती चालू करून पाहू नये आणि चार्जरही लावू नये. कंपनीला कळवून चारही चाके जमिनीवरून उचलणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच ती न्यावी, कारण चाके फिरली की मोटर वीज तयार करते. विम्यात बॅटरीचे आणि चार्जरचे पूरक संरक्षण घेतले आहे का, ते पॉलिसी हातात पडल्याच दिवशी वाचावे. इंजिनासाठीचे संरक्षण या गाडीला लागू पडत नाही.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. जाहीर केलेल्या पल्ल्याच्या दोन तृतीयांश अंतर खरे मानावे. पुणे सुमारे २३५ किलोमीटर आहे. कराड किंवा साताऱ्याजवळ जेवणाच्या वेळी जलद चार्जिंगचा एक थांबा धरला की लहान बॅटरीची गाडीही निवांत पोहोचते. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, म्हणून पुढचे केंद्र लांब असेल तेव्हा वेग उतरवणे हाच उपाय आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना सुमारे ६०० मीटरची चढण येते. दीड टनाच्या गाडीला ती एकट्याने अडीच-तीन युनिट मागते आणि उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो. वर मुक्कामी बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

या गाड्यांच्या व्यापारी बातम्या रोज येतात. त्यांपैकी कोणती आपल्या खिशाशी संबंधित आहे, हे ओळखता आले पाहिजे. अनुदानाच्या बातमीचेच पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. कर्जाच्या व्याजावरची आयकराच्या ८० ईईबी कलमाची सवलतही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. कोणी विक्रेता यांपैकी एखादी गोष्ट धरून किंमत कमी दाखवत असेल, तर ती कोटेशनवर लिहून मागावी. इलेक्ट्रिक मोटारींवरचा जीएसटी ५ टक्केच आहे, परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आल्याने दोन्हींच्या किमतींतली दरी बदलली. त्याआधी केलेली तुलना आता उपयोगाची नाही, ती नव्याने करावी.

डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांना वाटले की आपली गाडी विकताना पूर्ण किमतीवर कर भरावा लागेल. प्रत्यक्षात तो कर जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याच्या नफ्यावर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर तो लागत नाही. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. अशा बातम्यांवर त्या दिवशी निर्णय घेऊ नये. आरटीओत प्रत्यक्ष काय आकारले जाते, ते नोंदणीच्या आठवड्यात विचारावे. टोलमाफीही मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांसाठी जाहीर झाली. आपल्या वाटेवरचे तासवडे आणि आनेवाडी हे नाके त्यात धरू नयेत.

मालकाला सर्वांत जास्त लागणारी बातमी किंमतकपातीची असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचे सेल स्वस्त झाल्याचे सांगून टाटाने नेक्सॉन इलेक्ट्रिकची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत उतरवली. नव्या ग्राहकाचा फायदा झाला आणि जुन्या गाडीची फेरविक्रीची किंमत त्याच दिवशी खाली आली. म्हणून ही गाडी दोन-तीन वर्षांत बदलण्याच्या विचाराने घेऊ नये, सात-आठ वर्षे वापरायच्या तयारीने घ्यावी. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाखांत आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये अशी आली, तेव्हा पुष्कळांचे लक्ष पहिल्या आकड्यावरच थांबले. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यात विजेशिवाय ३,५०० रुपये द्यावे लागतात, आणि किमान किलोमीटरची अट असल्यास कमी चालवूनही पूर्ण भाडे भरावे लागते, हे करार वाचताना तपासावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्यावा आणि हमीपत्रातली दुसऱ्या मालकाची अट स्वतः वाचावी. बॅटरीची ‘आजीवन’ हमी बहुधा पहिल्या मालकापुरती असते आणि नाव बदलताच ती वर्षांच्या आणि किलोमीटरच्या मर्यादेत येते. ही मर्यादा लक्षात घेऊनच किमतीची बोलणी करावीत, आणि आरसी पुस्तकावर नाव चढल्यानंतर हमीचे हस्तांतरण झाल्याची नोंदही कंपनीकडून लेखी घ्यावी.