कोरियन युद्धाचे सिनेमे घरच्या म्हाताऱ्या माणसांसोबत कसे पाहावेत

हे सिनेमे एकट्याने मोबाइलवर पाहू नका. घरात किंवा शेजारी ऐंशीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांना बोलवा. मी जळगावची. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा पडदे ओढून, कूलर लावून आम्ही तिघी बसतो. माझी माय यावल तालुक्यातली. समोरच्या सिंधी अम्मा १९४७ मध्ये सात वर्षांच्या असताना सक्कर सोडून आल्या. दोघींना इंग्रजी येत नाही, म्हणून पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचून मीच सांगते. तीन उन्हाळ्यांत जे जमलं ते इथे लिहिते आहे.

सिनेमा लावायच्या आधी थोडी पार्श्वभूमी सांगून घ्या. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. जपान हरला आणि अमेरिका व सोव्हिएत संघाने ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन भाग केले. २५ जून १९५० ला उत्तरेचं सैन्य दक्षिणेत घुसलं. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, पण शांततेचा तह आजवर झालेला नाही. दोन्हींच्या मधे चार किलोमीटर रुंदीची पट्टी आहे आणि सामान्य माणसाला ती ओलांडता येत नाही. हे शेवटचं नीट समजवा. मायने मला तीनदा विचारलं होतं, "मंग त्या घर काब्र जातस नही?" म्हणजे, मग ते घरी का जात नाहीत?

सुरुवात ‘ओड टू माय फादर’ने करा (२०१४). सलमानचा ‘भारत’ याच्यावरूनच काढलेला, त्यामुळे गोष्ट ओळखीची वाटते. डिसेंबर १९५० मध्ये हुंगनाम बंदरातून लोक पळताहेत. त्यांना घेणाऱ्या ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजातून खरोखरच सुमारे १४ हजार माणसं सुटली होती. सिनेमातला मुलगा धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन दोरांच्या जाळीवरून जहाजावर चढतो. वर पोचतो तेव्हा बहीण नाही, हातात तिच्या बाहीचा तुकडा. तिला शोधायला बाप खाली उतरतो आणि तोही जातो. इथे थांबवा. चहा ठेवा. पुढे हाच मुलगा म्हातारा होतो आणि बुसानच्या बाजारातलं आपलं दुकान काही केल्या विकत नाही. का विकत नाही, ते आधी सांगू नका. म्हाताऱ्या माणसांना ते आपल्याआधी कळतं. अम्मांना कळलं होतं.

आता भाषांतराबद्दल, कारण सगळी मेहनत त्यातच आहे. इंग्रजी ओळींत माणसं एकमेकांना नावाने हाक मारताना दिसतात. कान देऊन ऐका, धाकटी माणसं मोठ्यांना नावाने बोलतच नाहीत. धाकटा भाऊ मोठ्याला ‘ह्यंग’ म्हणतो, बहीण भावाला ‘ओप्पा’, आईला ‘ओम्मा’, वडिलांना ‘आबोजी’. तुम्हीही नातं सांगा. मी ‘ह्यंग’ला ‘भाऊ’ म्हणते, ‘आबोजी’ला ‘आबा’. ‘ओम्मा’चं काहीच करावं लागत नाही. पहिल्यांदा तो शब्द कानावर पडला तेव्हा अम्मांनी दाराकडे पाहिलं, नातू हाक मारतोय असं वाटून. प्रत्येक वाक्य सांगत बसू नका. प्रसंग संपला की दोन-तीन वाक्यं पुरतात. रडणं, भांडणं, जेवणं आपोआप कळतात.

दुसरा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ लावा (२०००). सीमेवरचे दोन्हीकडचे शिपाई चोरून मैत्री करतात, चॉको पाय नावाचा चॉकलेटचा खाऊ खिलवतात, आणि शेवट वाईट होतो. यात चौकशी करणारी स्विस अधिकारी आहे. तिचे वडील उत्तरेचे सैनिक होते. युद्धकैदी झाल्यावर त्यांनी उत्तर कोरियाही नाकारला आणि दक्षिण कोरियाही. ही ओळ आली की सिनेमा थांबवून आपल्याकडची गोष्ट सांगा. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांची राखण त्या पट्टीत भारतीय तुकडीने केली, आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. कुठल्याच बाजूला न गेलेल्यांपैकी ८८ जण, त्यात ७६ कोरियन, फेब्रुवारी १९५४ मध्ये जहाजाने मद्रासला आले. बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. मराठी सेनापतीने कोरियातली ही माणसं सांभाळली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नाही. प्रत्येक घरात ते सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा ‘ओबाल्तान’ (१९६१), म्हणजे दिशाहीन गोळी. कोरियन चित्रपट संग्रहालयाच्या यूट्यूब वाहिनीवर तो फुकट आहे. काळा-पांढरा आहे, संथ आहे, पण माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत मोठा. युद्ध दिसतच नाही. सोलमध्ये निर्वासितांच्या वस्तीत एक कारकून. त्याची दाढ दुखते आणि उपचाराला पैसे नाहीत. आई वेडी होऊन पडून आहे आणि मधूनच ओरडते, "काजा!" म्हणजे चला. उत्तरेतल्या घरी चला. मी याचं मराठी केलं नाही, अहिराणी केलं: "माले घर जानं शे." मायने हात जोडले. हा सिनेमा लष्करी राजवटीत बंद पाडला होता; सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवाला गेलेल्या एका प्रतीमुळे वाचला. दाढेवर लक्ष ठेवा, एवढंच सांगते.

‘तेगुकगी’ (२००४) मधल्या लढाया पुढे ढकलल्या तरी चालतील. मोठ्या भावाने धाकट्यासाठी बनवलेले बूट मात्र चुकवू नका.

शेवटी ‘गिल्सोत्तुम’ (१९८६). त्याआधी हे सांगा: ३० जून १९८३ ला कोरियाच्या सरकारी टीव्हीने ताटातूट झालेल्यांना शोधण्याचा कार्यक्रम सुरू केला. थोडा वेळ चालायचा तो १३८ दिवस चालला, आणि १०,१८९ कुटुंबांची गाठ पडली. लोक छातीवर पाट्या धरून उभे होते: गावाचं नाव, आईचं नाव, अंगावरची खूण. सिनेमातली बाई तिथेच आपला हरवलेला मुलगा शोधते. तो सापडतो, पण गरीब, रांगडा, परका. ती त्याला घरी नेत नाही. मायला तिचा फार राग आला. अम्मा काहीच बोलल्या नाहीत. अशा वेळी तुम्हीही बोलू नका, लगेच दिवा लावू नका.

जवळ एक वही ठेवा. त्या दिवशी अंधारातच अम्मांनी सक्करचं दार सांगितलं: निळं, खालची फळी उंदरांनी कुरतडलेली, कडी वरच्या बाजूला, म्हणून त्यांचा हात पुरायचा नाही. ती कडी भाऊ काढून द्यायचा. भावाचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. मी ते लिहून ठेवलं आहे.